आधी भाडं मोजा, मग कर्ज मागा

मंडळी, फ्लॅट घेऊ आणि भाड्यातून हप्ता फेडू, असं ज्यांनी मनात धरलंय त्यांनी आधी कागद-पेन्सिल घ्यावी. जळगावात 25 लाखांचा टू बीएचके धरू. आकडे समजुतीपुरते आहेत, भाव तुमच्या गल्लीचा लावा.

मुद्रांक शुल्क 6 टक्के धरलं तर दीड लाख, नोंदणी फी 25 हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. वकील, रंग, पंखे धरून घर 27 लाखांना पडलं. भाडं महिना 8 हजार. वर्षातून एक महिना घर रिकामं राहणारच, म्हणून 88 हजार हाती. घरपट्टी-पाणीपट्टी 6 हजार, सोसायटीचा मेंटेनन्स 12 हजार, डागडुजी 6 हजार. उरले 64 हजार, म्हणजे महिन्याला सव्वापाच हजारांच्या थोडं वर.

आता कर्ज. साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं मुदत असेल तर लाखामागे साधारण 868 रुपये हप्ता बसतो. 20 लाख काढले तर 17,356 रुपये. त्यातल्या पहिल्या हप्त्यात 14,167 रुपये नुसतं व्याज. दरमहा 12 हजार खिशातून घालायची तयारी आहे का? या घराचं भाडं जेमतेम 6 लाखांचं कर्ज ओढतं. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. रिझर्व्ह बँकेनं घातलेली ती मर्यादा आहे, तुम्हाला दिलेला सल्ला नव्हे.

‘व्याजावर कर वाचेल’ असं एजंट सांगतो. भाड्यातून भरलेली घरपट्टी आणि उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, व्याजही वजा होतं. पण व्याज भाड्याहून जास्त झालं तर तो घराचा तोटा, आणि नव्या करप्रणालीत तो पगारातून वळता करता येत नाही.

मग घ्यायचं काय? माझ्या मते सुरुवात करणाऱ्यानं खाली भाडेकरू, वर आपण असं छोटं रो हाऊस बघावं. नाहीतर विद्यापीठ, मेडिकल कॉलेज, भुसावळचं रेल्वे जंक्शन, शिरपूरच्या शिक्षणसंस्था अशा ठिकाणांजवळ घर घ्यावं, तिथे माणसं सतत येत-जात असतात. विद्यार्थ्यांना कॉटवारी दिलं तर भाडं जास्त सुटतं, पण परीक्षा संपल्या की खोल्या ओस पडतात. हिशेब 9 महिन्यांचाच धरा.

सगळ्यात वरच्या मजल्याचा फ्लॅट स्वस्त मिळाला म्हणून भुलू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री घरात आग ओततो आणि भाडेकरू उन्हाळ्यातच दुसरं घर शोधायला लागतो. घर बघायला दुपारी 3 वाजता जा. खिडकीला कूलर ठेवायला स्टँड आहे का, जवळ प्लग आहे का, ते बघा. नळाला किती दिवसांनी पाणी येतं आणि टाकी तेवढे दिवस पुरते का, हे शेजारणीला विचारा, बिल्डरला नको.

कागदांत जमीन एन.ए. म्हणजे बिगरशेती असल्याचा कागद, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) आणि 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोज्याच्या नोंदींचा शोध) बघा. गुंठेवारीतल्या, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या आणि नियमित न झालेल्या प्लॉटवर बँक बहुधा हात आखडता घेते, आणि पुढे विकतानाही तीच अडचण.

‘11 महिन्यांचा करार, नोटरी पुरे’ हा गैरसमज सोडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची, कसूर झाली तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड. खर्च फार नाही: शहरात नोंदणी फी 1 हजार, 11 महिन्यांच्या या भाड्यावर मुद्रांक शुल्क दोन-तीनशे रुपये. मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर नोंदणीकृत करार घेऊन सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली घर रिकामं करून देणारा सरकारी अधिकारी) जाता येतं आणि राहील तितक्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं.

किल्ली देताना महावितरणच्या मीटरच्या आकड्याचा फोटो काढून त्याच दिवशी भाडेकरूला पाठवा, आणि घर सोडताना पुन्हा एकदा. डिपॉझिटच्या भांडणांत बहुतेक वेळा तोच आकडा निघतो.