विषुववृत्त ओलांडून आलेला कातळ

(पहाट. रामकुंड. ओल्या पायरीवर टेकलेला एक तळहात.)

हा दगड आपल्या रोजच्या ओळखीचा. रामकुंडाची पायरी याची, काळारामाच्या मंदिराची भिंत याची, जुन्या वाड्यांची जोती याची आणि घरातला पाटा-वरवंटाही याचाच. आपण त्याला काळा कातळ म्हणतो, भूशास्त्रात त्याचं नाव बेसाल्ट.

हा कातळ तयार झाला तेव्हा नाशिकची जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. आजच्या जागेपासून सुमारे 5,000 किलोमीटर दूर.

साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. भारत तेव्हा आशियाला जोडलेला नव्हता. समुद्राने वेढलेला हा भूभाग उत्तरेकडे सरकत होता आणि सरकता सरकता तो पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवर आला. त्याच जागेवर आज हिंदी महासागरातलं रियुनियन बेट उभं आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजूनही जागा आहे. आपल्याकडे मात्र एखाद्या शिखरातून उद्रेक झाला असं नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, लाव्हा वर आला, पसरला, थिजला. मग पुन्हा आला. मधल्या शांत काळात थिजलेल्या थरावर माती तयार व्हायची, आणि नंतरचा लाव्हा ती भाजून काढायचा. विहीर खणताना मुरूम संपतो, कातळ लागतो, आणि कातळाखाली कधीकधी मध्येच विटकरी रंगाचा मऊ थर निघतो ना, तो असा दोन लाव्ह्यांच्या मधला.

(दगडाचा तुकडा, भिंगाखाली.)

पण हे सगळं दक्षिणेत घडलं, हे कळलं कसं? ते या दगडानेच सांगितलं. मला तर सगळ्यात जास्त थक्क करतं ते हेच. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा निवत निवत सुमारे 580 अंश सेल्सियसच्या खाली आला, की या कणांचं चुंबकत्व त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेला धरून पक्कं होतं. मोकळी टांगलेली चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावं तसतशी अधिकाधिक कलते. म्हणून दगडातला कल मोजला, की तो कोणत्या अक्षांशावर निवला ते काढता येतं. 1956 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या जॉन क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या दगडांवरची अशी मोजमापं प्रसिद्ध केली. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम झालं. खंड सरकतात हे जगातल्या बहुतेक भूशास्त्रज्ञांना अजून पटायचं होतं, त्या काळात आपला कातळ साक्ष देत होता.

पुढचा प्रवास वेगाचा. एका टप्प्यावर भारताचा भूपट्ट, म्हणजे ज्या अवाढव्य खडकाळ तुकड्यावर भारत बसला आहे तो, वर्षाला 15 सेंटीमीटरहून अधिक सरकत होता. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला आणि हिमालय उचलला जाऊ लागला.

(ब्रह्मगिरी. कड्यावर ढग.)

मात्र त्याआधीच पश्चिमेला आणखी एक ताटातूट झाली होती. आज हिंदी महासागरातली बेटं असलेला सेशेल्सचा भूभाग आपल्यापासून तुटून वेगळा झाला. या घडामोडीत आपल्या जमिनीची पश्चिम कड उंच राहिली आणि उतार पूर्वेकडे गेला. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. तरी इथे उगम पावलेली गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि 1,465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत राजमहेंद्रीजवळ तिला पुन्हा बेसाल्ट भेटतो. त्याची रासायनिक घडण सह्याद्रीतल्या काही थरांशी जुळते. म्हणजे गोदावरी जन्मायच्या कितीतरी आधी लाव्हा पश्चिमेकडून तिथवर पोचला होता.

(पांडवलेणी. भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणा.)

भूपट्ट अजूनही थांबलेला नाही. वर्षाला साधारण 5 सेंटीमीटर, ईशान्येकडे. या भिंतींवर पहिली छिन्नी चालली त्याला दोन हजार वर्षं झाली. तेवढ्या काळात हा डोंगर, लेण्यांसकट, शंभर मीटर पुढे आला आहे.

(पुन्हा रामकुंड. तीच पायरी.)

2015 च्या सिंहस्थात याच पायरीवरून लाखो माणसं पाण्यात उतरली. 2027 साली ती पुन्हा येतील, याच पायरीवर पाय ठेवतील. तोवर पायरी हातभर पुढे गेलेली असेल.