मिलिमीटरभर फुलाचा दिवस

सूक्ष्म फुलांच्या उमलण्याच्या चित्रफितीत पडद्यावर दिसणारी ही पिवळी नळी एकदांडीच्या फुलातली आहे आणि तिची रुंदी जेमतेम एक-दीड मिलिमीटर आहे. भिंतीच्या फटीतही उगवणाऱ्या या तणाकडे पाहायला सहसा कोणी थांबत नाही. ज्याला आपण एकदांडीचे एक फूल म्हणतो, ते खरे तर अनेक फुलांचे स्तबक असते. कडेची पाकळीसारखी दिसणारी प्रत्येक पांढुरकी पट्टी हे एक स्वतंत्र फूल आणि मधली प्रत्येक पिवळी नळी हेही.

या नळीच्या आत पाच परागकोश, म्हणजे पराग तयार करणाऱ्या पिशव्या, कडेने जोडले जाऊन त्यांची आणखी एक नळी झालेली असते आणि पराग तिच्या आतल्या बाजूस सुटतात. मग खालून कुक्षीवृंत, म्हणजे फुलाच्या स्त्री-भागाचा दांडा, वाढू लागतो व पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे ते पराग वर ढकलून बाहेर आणतो. त्यानंतर त्याचे टोक दुभंगते, दोन्ही फाटे बाहेर वळतात आणि तोवर झाकलेला, पराग स्वीकारणारा पृष्ठभाग उघडा पडतो. आधी देणे आणि मग घेणे, या क्रमामुळे फुलाचे स्वतःचेच पराग त्याच्यावर पडण्याची शक्यता कमी होते. नुसत्या भिंगातून यातली एखादीच अवस्था दिसते. क्रम दिसायचा, तर तासांचे सेकंद करावे लागतात, म्हणजे ठरावीक अंतराने चित्रे घेऊन ती वेगाने दाखवावी लागतात.

वनस्पतींच्या हालचाली अशा रीतीने चित्रित करण्याचे काम जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १९०० च्या सुमारासच केले होते. सूक्ष्म फुलांच्या बाबतीत मात्र अडचणींचे स्वरूपच पालटते. पाचपट मोठ्या प्रतिमेत स्पष्ट दिसणारा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ असतो, म्हणून कॅमेरा किंचित किंचित पुढे सरकवत एकामागून एक छायाचित्रे घ्यावी लागतात आणि त्यांतले स्पष्ट भाग जोडून एक चित्र तयार करावे लागते. दर दोन मिनिटांनी असे एक चित्र घेतले, तर बारा तासांत ३६० चित्रे होतात आणि सेकंदाला २५ या गतीने ती पंधरा सेकंदही पुरत नाहीत; प्रत्येक चित्रासाठी ४० थर धरल्यास एकूण १४,४०० छायाचित्रे लागतात. एवढ्या वेळात देठ पाच मिलिमीटर वाढला, तरी फूल चौकटीबाहेर गेलेले असते.

कळी खुडून आणणे सोयीचे असले, तरी ते टाळावे असे मला वाटते. उमलणे म्हणजे मुख्यतः पाकळ्यांतील पेशींनी पाणी घेऊन प्रसरण पावणे, आणि तोडलेल्या कळीला तेच पाणी कमी पडते. सतत जळणाऱ्या दिव्याची उष्णताही तिला कोमेजवते. त्यामुळे चित्र टिपण्यापुरताच प्रकाश पाडणे इष्ट.

आता दिसते आहे ते गवताचे फूल. गवतालाही फुले येतात, हे पुष्कळांच्या ध्यानीच येत नाही. तळाशी असलेले दोन इवले खवले पाण्याने फुगतात, बाहेरची आवरणे दूर सारतात, आणि केसरतंतू, म्हणजे परागकोशांचे बारीक दांडे, काही मिनिटांत लांबून परागकोश वाऱ्यावर लोंबू लागतात. इथे दोन मिनिटांचे अंतर फार होते. काही सेकंदांनी चित्र घ्यावे लागते आणि तेवढ्यात थर जोडण्यास अवसर मिळत नाही. म्हणून परागकोश कोठे येतील याचा अंदाज बांधून भिंग त्याच अंतरावर स्थिर ठेवावे लागते आणि उरलेले फूल अस्पष्ट राहू द्यावे लागते.