गेटवर अडवलेला कामगार

श्रोतेहो, नमस्कार.

३ डिसेंबर १९८० रोजी एक कामगार नेहमीप्रमाणे कारखान्यात गेला. त्याच्या म्हणण्यानुसार त्याला गेटवरच अडवले गेले, हजेरीपटावर सहीसुद्धा करू दिली नाही, आणि पुढे रोज येऊनही हेच घडत राहिले. १२ डिसेंबरच्या पत्राने व्यवस्थापनाने त्याला कळवले, की आठ दिवसांहून अधिक काळ आपण विनारजा गैरहजर आहात, सबब स्थायी आदेशानुसार, म्हणजे कारखान्याच्या सेवानियमांनुसार, आपण स्वतःहून नोकरी सोडली असे समजण्यात येत आहे. ‘समजण्यात येत आहे’! आरोपपत्र नाही, चौकशी नाही. माणसाला काढायचे आणि वर तोच निघून गेला असे लिहायचे, ही कागदी चतुराई कार्यालयांत वावरणाऱ्यांना नवी नाही.

कामगार न्यायालयात तो हरला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९३ मध्ये ही कारवाई रद्द ठरवली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, आणि अनुच्छेद १४ मधील समानतेत मनमानीला थारा नाही. म्हणून स्थायी आदेशात तसे लिहिलेले असले, तरी कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्याची भाकरी काढून घेता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याला कामावर परत घेण्याचा आणि मागील वेतनापैकी ५० टक्के रक्कम देण्याचा आदेश झाला. बारा वर्षांहून अधिक काळ झगडलेल्या माणसाला निम्मेच वेतन मिळावे, हे मला आजही खटकते.

उपजीविकेचा हा विचार १९८५ मध्ये मुंबईतील पदपथवासीयांच्या खटल्यात, म्हणजे ओल्गा टेलिस प्रकरणात, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मांडला होता. तत्त्व मान्य झाले, तरी पदपथावरच्या झोपड्या मात्र त्या निकालाने वाचल्या नाहीत.

येथे एक मर्यादा लक्षात घ्यायला हवी. अनुच्छेद ३११ चे, म्हणजे चौकशीशिवाय बडतर्फ न होण्याचे, थेट संरक्षण सरकारी सेवेतील नागरी पदांना आहे, आणि मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध मागता येतात. खासगी कारखान्यातील कामगाराला सहसा कामगार कायद्यांच्या वाटेनेच जावे लागते. त्या कायद्यांचा अर्थ लावताना घटना मदतीला येते.

प्रतिष्ठेचा प्रश्न तर एका रुपयावरून आपल्या राज्यातच उभा राहिला होता. मुंबई नागरी सेवा नियमांतील एका तरतुदीनुसार, फौजदारी खटल्यात शिक्षा झालेल्या निलंबित कर्मचाऱ्याला, त्याचे अपील प्रलंबित असतानाही, निर्वाह भत्ता म्हणून महिन्याला १ रुपया मिळत असे. ज्या भत्त्याच्या नावातच ‘निर्वाह’ आहे, तो एका रुपयात कसा व्हावा? सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरवली.

गेटवरच्या त्या कामगाराच्या प्रकरणात खरा वाद, तो आला होता की नाही, एवढाच होता; आणि नेमकी तेवढीच चौकशी कोणी केली नव्हती. म्हणून श्रोतेहो, आपल्याला कधी असे अडवले गेले, तर ‘मी आज कामावर हजर झालो होतो’ असे पत्र त्याच दिवशी नोंदणीसह स्पीड पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.