चेकलिस्ट इंग्रजी, बसची पाटी कन्नड, मूल मराठी

(दृश्य : बेळगाव-चोर्ला रस्ता. पाऊस, धुकं. वळणावर थांबलेली बस.)

निवेदन :
बेळगावहून चोर्ला घाटाकडे निघालं की जांबोटीच्या पुढं मोबाईलची रेंज येऊन-जाऊन असते. त्याच्याही पुढं कणकुंबी, मलप्रभेचा उगम. या पट्ट्यातल्या मराठी शाळांत आणि घरांत फिरणाऱ्या एका विशेष शिक्षिकेबरोबर आज आपण आहोत. खात्याच्या भाषेत त्या 'बीआयईआरटी', म्हणजे तालुक्याच्या समावेशक शिक्षणाच्या साधनशिक्षिका. गावात नुसत्या 'बाई'. जे मूल शाळेपर्यंत पोचू शकत नाही, त्याच्या घरी त्या जातात. जे पोचलंय पण वर्गात नुसतं बसून आहे, त्याच्या शेजारी बसतात.

या कामात नव्यानं येणाऱ्यानं कुठली पुस्तकं जवळ ठेवावीत, असं विचारल्यावर बाईंनी खांद्यावरची पिशवी सरळ चटईवर उपडी केली.

(दृश्य : चटईवर पुस्तकं, झेरॉक्सचे गठ्ठे, पुठ्ठ्याची कार्डं, ब्रेल पाटी.)

निवेदन :
सगळ्यात मळलेली आहे ती एक इंग्रजी चेकलिस्ट. सिकंदराबादला बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी राष्ट्रीय संस्था आहे. १९८४ साली सुरू झाली तेव्हा नाव एनआयएमएच, आता एनआयईपीआयडी. तिथं तयार झालेली ही 'फंक्शनल असेसमेंट चेकलिस्ट फॉर प्रोग्रॅमिंग', शिक्षकांच्या तोंडी 'एफएसीपी'. पूर्वप्राथमिकपासून व्यवसायपूर्व गटापर्यंतच्या वेगवेगळ्या याद्या. स्वतःचं आवरणं, चारचौघांत वागणं, वाचणं-मोजणं, कामधंदा, विरंगुळा, सगळं त्यात येतं. वाचायला म्हणून हातात घ्याल तर दोन पानांत डुलकी लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

वापरायला घेतली की मात्र तिची किंमत कळते. 'येतं की नाही' एवढं विचारून ती सोडत नाही. जरा खुणावलं की येतं? तोंडानं सांगितलं की येतं? हात धरून करवून घेतलं की येतं? आणि एक नोंद अशी, की मुलाला ती गोष्ट करायची संधीच मिळालेली नाही.

या शेवटच्या नोंदीपाशी बाई थांबतात. समोरच्या घरातला मुलगा चांगला मोठा आहे, पण शर्ट आई घालते. का, तर "उशीर होतोय की बाई, मीच घालून सोडते." आता याला 'येत नाही' लिहायचं कसं? बाई संधी नसल्याची खूण करतात आणि आईला सांगतात, रविवारी शाळेची घाई नसते, त्या दिवशी शर्ट त्याच्या हातात द्या. यादीतल्या ८० टक्के बाबी जमल्या की मूल पुढच्या यादीवर जातं.

मद्रासमध्ये तयार झालेली अशीच एक जुनी चेकलिस्ट, 'एमडीपीएस', तीही पिशवीत आहे. १८ क्षेत्रं, प्रत्येकी २० बाबी, एकूण ३६०. नवख्यानं एका मुलासाठी तरी ती पूर्ण भरावी, असं बाईंचं म्हणणं. नजर तयार होते. पुढं रोजच्या कामाला एफएसीपी सुटसुटीत पडते.

(दृश्य : स्वयंपाकघर. ताटात भाकरी, वाटीत आमटी.)

निवेदन :
सिकंदराबादच्या त्याच संस्थेच्या 'टुवर्ड्स इंडिपेंडन्स' मालिकेतल्या छोट्या पुस्तिका. दात घासणं, आंघोळ, कपडे, जेवण अशी रोजची कामं पायऱ्या पाडून कशी शिकवायची, ते त्यात आहे. पायऱ्या पाडायची रीत मात्र आपल्या ताटाला लावून घ्यावी लागते. आज ताटात भाकरी आहे. डाव्या हातानं भाकरी दाबून धरायची. उजव्या हाताच्या बोटांत कड पकडायची. मनगट वळवून तुकडा मोडायचा. आमटीत बुडवायचा, वाटीच्या काठावर निथळू द्यायचा, तोंडाशी न्यायचा, तोंडात घालायचा. मोजून सात पायऱ्या झाल्या.

बाई शिकवायला शेवटून सुरुवात करतात. सहा पायऱ्या मुलाचा हात धरून होतात, सातव्या पायरीला बाई हात सोडतात. घास तोंडात घातला तो त्यानंच. ते पक्कं झालं की सहावीलाही हात सुटतो, मग पाचवीला. मोडायची पायरी सगळ्यांत अवघड, म्हणून ती उशिरा येते, आणि ती शिकवायच्या दिवशी भाकरी ताजीच लागते. शिळी कडक होते, मुलाचं मनगट हरतं.

(दृश्य : बसस्थानक. बसच्या कपाळावरची कन्नड पाटी. बाई मोबाईलवर फोटो काढतात.)

निवेदन :
या पाटीपाशी मात्र कुठलंच पुस्तक बाईंच्या कामाला येत नाही. ज्या मुलाला सगळी बाराखडी जमणार नाही, त्याला जगायला लागतील तेवढे शब्द चित्रासारखे ओळखायला शिकवतात. कुठले शब्द, हे त्याच्या गावावर ठरतं. पुण्याच्या शिक्षकाला हा प्रश्न पडत नाही, धारवाडच्याही नाही. इथलं मूल घरी मराठी बोलतं. पाठ्यपुस्तक मराठी, पण कर्नाटक सरकारचं. बसची पाटी मात्र कन्नड, दवाखान्यातली सूचना कन्नड, स्टँडवरच्या स्वच्छतागृहाच्या दारावरचं 'पुरुष' आणि 'स्त्री' तेही कन्नड.

म्हणून बाईंनी कार्डांचे दोन गठ्ठे केलेत. मराठी गठ्ठ्यात मुलाचं नाव, आईवडिलांचं नाव, गाव, मीठ, साखर. कन्नड गठ्ठ्यात बसची पाटी, दवाखाना, धोका, स्वच्छतागृह. दुसऱ्या गठ्ठ्यातली अक्षरं त्यांनी छापली नाहीत, खऱ्या पाट्यांचे फोटोच चिकटवलेत. पुस्तकातल्या ठशात शिकलेला शब्द बसच्या कपाळावर मुलाला ओळखू येत नाही. भाषेवरून मोठ्यांची भांडणं काय व्हायची ती होवोत, पोराला आपली बस सापडली पाहिजे.

ज्यांना अक्षरं जमण्यासारखी आहेत, त्यांच्यासाठी कन्नड शाळांतल्या 'नली-कली' या खेळत शिकायच्या पद्धतीची कार्डं बाई मागून आणतात. त्यात अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं येत नाहीत. आधी र, ग, स, द, अ. पाच अक्षरांत शब्द जुळायला लागतात. तीच युक्ती मराठीलाही चालते : 'सरस' जमतो, 'दगड' नाही जमला तरी 'गरगर' जमतो.

(दृश्य : ब्रेल पाटीवर टोचणारी बोटं.)

निवेदन :
ब्रेलच्या बाबतीत सीमाभागातल्या अंध मुलाचं नशीब डोळसांपेक्षा बरं म्हणायचं. १९५१ साली भारतीय भाषांसाठी ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये उच्चार एक तर ठिपके एक. मराठी 'क' म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका, कन्नड 'क' म्हणजेही तेच दोन. डोळस पोराला देवनागरी आणि कन्नड अशा दोन लिप्या गिरवाव्या लागतात. ब्रेल वाचणारी मुलगी त्याच सहा ठिपक्यांवरून दोन्ही भाषा वाचते. कन्नडमधले ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' तेवढे वेगळे शिकवावे लागतात. मात्रा-वेलांट्यांचा त्रासही नाही, व्यंजनापुढं स्वर सरळ टोचायचा.

ब्रेल पुस्तकं जड, महाग, आणि गावात मिळत नाहीत. त्यावर २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' ही ऑनलाइन सोय आहे. छापील वाचता न येणाऱ्यांना नाव नोंदवून पुस्तकं उतरवून घेता येतात, ऐकता येतात.

कर्णबधिर मुलांसाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश आहे. २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द. बाई तो बेळगावात असतानाच फोनमध्ये भरून घेतात, कारण रेंजचं आधी सांगितलंच. घरात आई आणि मुलानं मिळून केलेल्या खुणा त्या पुसायला जात नाहीत, त्यांना जोडून पुढच्या शिकवतात.

'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरच्या चित्रगोष्टी मराठीत आहेत, कन्नडमध्येही आहेत, आणि फुकट आहेत. छापायला, मोठ्या अक्षरांत करायला परवानगी मागावी लागत नाही. कमी दिसणाऱ्या मुलासाठी बाई एका पानावर एकच ओळ ठेवतात. एनसीईआरटीचं 'प्रशस्त' हे ॲप वर्गशिक्षकांनी वापरावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची प्राथमिक चाचपणी त्यातून होते. पण ती चाचपणीच. ॲप बघून पोराला नाव चिकटवायचा अधिकार कुणालाच नाही, तिथं डॉक्टरच लागतात.

(दृश्य : कोपऱ्यात पोती रचून केलेली बैठक.)

निवेदन :
आणि हे जाडजूड पुस्तक, डेव्हिड वर्नर यांचं 'डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन'. १९८७ चं, मेक्सिकोतल्या एका खेड्यातल्या कामावर आधारलेलं. इंग्रजी जड वाटलं तरी चालेल, रेखाचित्रं बघून गावचा सुतार खुर्ची करून देतो. मान न धरणाऱ्या मुलीला भिंतीच्या कोपऱ्यात कसं बसवायचं, हे बाईंनी त्यातूनच उचललं. नेटवर फुकट मिळतं. पानं शेकड्यांनी आहेत, म्हणून बाई लागेल तेवढाच भाग छापतात.

ते छापणं, कार्डांना लॅमिनेशन करणं, प्रत्येक मुलाची चेकलिस्ट वेगळी काढणं, हा सगळा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा, याचं उत्तर अजून वरून आलेलं नाही. बाई पावत्या वहीत लावून ठेवतात. झेरॉक्सवाला ओळखीचा आहे, महिन्याच्या शेवटी एकदम घेतो.