धूर, अग्नी आणि तपासणीचा अहवाल

श्रोतेहो, नमस्कार. पर्वतावर धूर दिसला की तिथे अग्नी असला पाहिजे, हे न्यायशास्त्रातले, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातले, अनुमानाचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजीवरचे जादा ठोके, ज्यांना डॉक्टर बायोमार्कर म्हणतात, ते सारे धूरच आहेत; शोधायचा असतो तो अग्नी.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांना एवढे ठाऊक होते की, हृदयविकाराच्या झटक्यातून वाचल्यावर ज्यांच्या हृदयात अवेळी जादा ठोके पडतात, त्यांना आकस्मिक मृत्यूचा धोका अधिक असतो. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ते ठोके दाबत असत, आणि म्हणूनच ती जीवही वाचवत असतील, असे मानले जाई. हे तपासण्यासाठी १९८७ मध्ये ‘कास्ट’ ही चाचणी सुरू झाली. ज्यांचे ठोके औषधाने दबतात हे आधी पाहून घेतले होते, असेच रुग्ण तिच्यासाठी निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडून काहींना औषध, तर काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. एप्रिल १९८९ मध्ये या दोन औषधांची चाचणी थांबवावी लागली. सरासरी १० महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. पुन्हा सांगतो: औषधाच्या गटात ६३, दुसऱ्या गटात २६. लय बिघडून झालेले मृत्यू एका बाजूला ४३, दुसऱ्या बाजूला १६. आणि ही औषधे तर लय सुधारण्यासाठीच दिलेली होती.

ईसीजी खोटा नव्हता. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण धूर घालवल्याने अग्नी विझत नाही, हे निसटले होते. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचे उदाहरण देतात: त्यात अग्नी असतो, धूर नसतो. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला न्यायशास्त्राचे चार तास असावेत, असे मला फार मनापासून वाटते.

कधी धुकेही धुरासारखे भासते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी घ्या. शरीरात लोह कमी असले, तर साखर न वाढताही तिचा आकडा वर सरकू शकतो. म्हणून अशक्तपणा असलेल्या बाईच्या हाती असा अहवाल आला, तर तिला मधुमेही ठरवण्यापूर्वी तिचे लोह तपासावे लागते आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर त्या आकड्याशेजारी ठेवून पाहावी लागते.