पाच कोटी वापरणारे, तरीही भाव का पडला?

श्रोतेहो, नमस्कार. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगो या ॲपचं नाव तुमच्या कानावरून गेलं असेल. पिट्सबर्गच्या या कंपनीचा समभाग जुलै 2021 मध्ये 102 डॉलर भावाने अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात आला. पुढे तो खूप चढला, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तिमाही निकाल लागताच एका दिवसात जवळपास पाव भाव उतरला. खरं तर रोज ॲप वापरणाऱ्यांचा आकडा तेव्हा 5 कोटींवर गेला होता. मग बिनसलं कुठे?

कंपनीने जाहीर केलं, की तूर्त कमाईपेक्षा वापरणारे वाढवण्यावर आमचा भर राहील. तेजीवाले, म्हणजे भाव चढेल असं मानणारे, म्हणाले, दूरदृष्टी. मंदीवाले, म्हणजे तो पडेल असं मानणारे, म्हणाले, वाढ ओसरतेय म्हणून ही सारवासारव.

वादाच्या मुळाशी आहे कृत्रिम बुद्धिमत्ता. कंपनीला पहिले 100 अभ्यासक्रम करायला सुमारे 12 वर्षं लागली होती. या तंत्राच्या जोरावर साधारण वर्षभरात 148 नवे झाले. तेजीवाल्यांना यात बळ दिसतं. मला यातच धोकाही दिसतो, कारण जे या कंपनीला वर्षभरात जमलं ते उद्या दुसऱ्यालाही जमेल. मात्र लोक ॲपकडे रोज वळतात ते नुसत्या धड्यांसाठी नव्हे. सलग किती दिवस सराव केला, हा ॲपमधला आकडा तुटू नये म्हणून रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटं सराव करणारे कितीतरी आहेत. ही सवय नक्कल करून मिळत नाही.

आता एक हिशेब बघा, कारण इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. समजा, वर्षाची वर्गणी 120 डॉलर. पैसे आजच जमा होतात, म्हणून बुकिंग, म्हणजे गिऱ्हाइकांकडून आलेल्या वर्गणीची रक्कम, 120 धरलं जातं. महसुलात मात्र महिन्याला 10 डॉलरच चढतात. म्हणजे आजच्या महसुलात गेल्या वर्षभरातल्या गिऱ्हाइकांचा वाटा असतो. नवे पैसे भरणारे कमी झाले, तर बुकिंग आधी मंदावतं, महसूल मागाहून. म्हणून ‘महसूल वाढतोय ना’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांशी माझं जमत नाही.

कंपनीचा निर्णय मला पटतो. बहुतेक लोक ॲप फुकटच वापरतात, आणि उद्याचे वर्गणीदार त्यांच्यातूनच येणार. पण आधीच्या भावात वर्षानुवर्षांची वेगवान वाढ गृहीत धरलेली होती, ती हवा निघणारच होती. पुढच्या काही तिमाहींत रोजचे वापरणारे वाढले आणि बुकिंग तरीही रेंगाळलं, तर मंदीवाल्यांचं म्हणणं मला मान्य करावं लागेल.