शिरस्त्राणाखालचा माणूस

श्रोतेहो, नमस्कार. माझ्यासमोर टेबलावर एक नॉर्मन योद्धा उभा आहे. उंची जेमतेम आठ सेंटीमीटर. रेझिनचा अर्धपुतळा, छातीपासून वरचा. अंगात कड्यांचं चिलखत, डोक्यावर टोकदार लोखंडी शिरस्त्राण आणि त्याची एक पट्टी थेट नाकावर उतरलेली. १०६६ साली उत्तर फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेली अशीच माणसं इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या लढाईत लढली. बायो टेपेस्ट्री या सुमारे ७० मीटर लांब भरतकामात ती आजही पाहायला मिळतात. नॉर्मनांचा सेनापती ड्यूक विल्यम पडला अशी आवई उठते, तेव्हा तो शिरस्त्राण मागे सारून सैनिकांना आपला चेहरा दाखवतो, हा त्यातला प्रसंग मला फार प्रिय आहे. त्या पट्टीआड माणूस सहज ओळखू यायचा नाही. मी ब्रश हातात घेते ती त्या पट्टीआडच्या माणसासाठी.

रेझिनवर साच्याचा तेलकट थर राहिलेला असतो, म्हणून आधी साबणाच्या पाण्यानं धुवायचं. सांधे घासताना तोंडाला मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये. मग सगळीकडून काळा प्रायमर, म्हणजे रंग धरावा म्हणून द्यायचा पहिला थर, आणि तो वाळला की फक्त वरून पांढरा फवारा. डोक्यावर उजेड असला तर सावल्या कुठे पडतील, ते पुतळा स्वतःच दाखवतो. मी त्या अवस्थेत त्याचा फोटो काढून ठेवते. पुढे वाट चुकली की तोच कामी येतो.

मूळ रंग ॲक्रिलिकचे. पातळ करून, दोन-तीन हात. ते काही मिनिटांत वाळतात आणि हीच त्यांची अडचण. गालावरची लाली कपाळाच्या पिवळसर छटेत मिसळायला घ्यावी, तोवर रंग बसलेला असतो. तैलरंग मात्र तासन्‌तास ओला राहतो. म्हणून ॲक्रिलिक खाली, तैलरंग वर. उलट करू नका, तेलकट थरावर ॲक्रिलिक नीट धरत नाही.

तैलरंग आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून ठेवा. जास्तीचं जवसाचं तेल पुठ्ठा शोषून घेतो, रंगाची चकाकी कमी होते आणि तो लवकर वाळतो. पट्टीच्या दोन्ही बाजूंना, भुवयांखाली, ओठाखाली बर्न्ट अंबरचे, म्हणजे गडद तपकिरी रंगाचे, बारीक ठिपके द्यायचे. नाकाच्या शेंड्यावर, गालांवर थोडा लाल. हनुवटीवर राखाडी-निळसर, म्हणजे दाढी केलेली कातडी वाटते. मग कोरडा, मऊ ब्रश घेऊन ठिपक्यांच्या फक्त कडा थोपटायच्या. ओढायचं नाही, थोपटायचं. हळूहळू सीमारेषा विरत जातात आणि एका क्षणी तिथे हाडांवर ताणलेली कातडी दिसू लागते. त्या क्षणासाठी मी तीन-तीन संध्याकाळी घालवल्या आहेत.

डोळा जेमतेम तीन मिलिमीटरचा. त्यात शुद्ध पांढरा कधीच भरू नका, माणूस दचकल्यासारखा दिसतो. पांढऱ्यात किंचित राखाडी आणि मातकट गुलाबी मिसळा. बुबुळ वरच्या पापणीखाली थोडं दडलेलं ठेवा.

चिलखत त्यामानानं सोपं. गडद धातूचा रंग, त्यावर पातळ बर्न्ट अंबर आणि अर्ध्या तासानं स्पंजनं वरवर पुसून घ्यायचं. कड्या उजळतात, फटींत काळोख राहतो.

मानेकडे मात्र लक्ष द्या. टेपेस्ट्रीतल्या नॉर्मनांचे केस मागून भादरलेले आहेत. माझ्या पुतळ्याची मान उघडी आहे, म्हणून तिथेही हनुवटीसारखाच निळसर हात दिला.

आणि एक कळकळीची सूचना. तेलानं भिजलेल्या चिंध्या चुरगाळून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा. खिडकी उघडी ठेवा.

आता हा योद्धा धूळ बसू नये म्हणून खोक्याखाली जाईल. अंबर लवकर वाळतो, पांढरा फार वेळ घेतो, तेव्हा आठवडाभर तरी हात लावायचा नाही. मग मॅट व्हार्निश. आणि सगळ्यात शेवटी, सुईच्या टोकानं, दोन्ही डोळ्यांत चकचकीत व्हार्निशचा एकेक थेंब.